एका रात्रीत १७०० हून जास्त माणसं मारणारं तळं : कॅमेरूनच्या न्योस तलावात नेमकं काय घडलं होतं?

२१ ऑगस्ट १९८६. गुरुवारची रात्र. पश्चिम आफ्रिकेतल्या कॅमेरून देशाच्या वायव्य भागातला डोंगराळ मुलूख. पावसाळ्याचे दिवस. गावात वीज नाही, त्यामुळे जेवणं आटोपून लोक लवकर अंथरुणाला टेकलेले. रात्रीचे नऊ वाजून गेले असतील. डोंगरातल्या तळ्याकडून गडगडल्यासारखा आवाज आला. काहींनी ऐकला, काहींनी तोही नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी तळ्याच्या वरच्या कड्यावर राहणारा एक शेतकरी खाली उतरला. तळ्यातून वाहणारा धबधबा कोरडा पडला होता. ऐन ऑगस्टमध्ये. पण त्याहून विचित्र होती ती शांतता. पक्षी नाहीत, किडे नाहीत. आणखी खाली गेल्यावर गाव दिसलं. घरं जशीच्या तशी उभी होती. छपरं शाबूत, भिंती शाबूत. आणि घरात, अंगणात, वाटेवर माणसं पडलेली. गुरं पडलेली. त्या मृतदेहांवर माशाही घोंगावत नव्हत्या, कारण माशासुद्धा मेल्या होत्या.

न्योस, चा, सुबुम आणि आसपासच्या वस्त्यांमध्ये मिळून त्या रात्री सुमारे १,७४६ माणसं आणि साधारण ३,५०० जनावरं दगावली. काही मृतदेह तळ्यापासून तब्बल २५ किलोमीटरवर सापडले. ना पूर, ना भूकंप, ना लाव्हा, ना आग.

मग ही माणसं मेली कशानं?

एका ओळीत उत्तर द्यायचं तर, तळं फुटलं. म्हणजे बांध फुटला असं नाही. सोड्याची बाटली हलवून उघडल्यावर ती जशी फसफसून बाहेर येते, तसं अख्खं तळं फसफसलं.

हे ऐकायला अतिशयोक्ती वाटतं. मलाही पहिल्यांदा वाचताना वाटलं होतं. पण शास्त्रज्ञांनाही तेव्हा असंच वाटलं होतं आणि त्यापायी दोन वर्षं वाया गेली. ती गोष्टही पुढे येईलच.

आधी तळं समजून घेऊ

न्योस हे दिसायला सुंदर तळं आहे. समुद्रसपाटीपासून साधारण १,०९० मीटर उंचीवर, म्हणजे आपल्या माथेरान-पाचगणीच्या आगेमागे. आजूबाजूला हिरवे डोंगर आणि उभे कडे. लांबी जेमतेम दोन किलोमीटर, रुंदी सव्वा किलोमीटरच्या आसपास. वरून पाहिलं तर एखाद्या मध्यम आकाराच्या पाझर तलावाएवढंच वाटेल. फरक आहे तो खोलीत. हे तळं दोनशे मीटरहून जास्त खोल आहे.

एवढंसं तळं आणि एवढं खोल कसं? कारण ते ज्वालामुखीच्या विवरात साठलेलं आहे. जमिनीखालून वर येणारा तप्त शिलारस भूजलाला भिडला, पाण्याची क्षणात वाफ झाली आणि स्फोट होऊन जमिनीला खोल खड्डा पडला. पुढे त्यात पाणी साठलं. कॅमेरूनमध्ये अशा ज्वालामुखींची एक लांबलचक रांग आहे आणि न्योस त्याच रांगेत येतं.

ज्वालामुखी शांत झाला तरी खालचा शिलारस पूर्ण मेलेला नसतो. त्यातून कार्बन डायऑक्साइड वायू झिरपत राहतो. भेगांमधून वर येतो, भूजलात मिसळतो, आणि ते वायूनं भरलेलं पाणी तळ्याच्या तळाशी येऊन पोचतं.

जगात अशी ज्वालामुखी विवरातली तळी पुष्कळ आहेत. बहुतेकांमध्ये हा वायू हळूहळू वर येऊन हवेत निघून जातो. कुणाला कळतही नाही. न्योसमध्ये मात्र तो निघून जात नव्हता. साठत होता.

साठत का होता?

इथे आपला गोटी सोडा आठवा. बाटली बंद असताना आतला वायू दिसतो का? नाही. पाणी स्वच्छ, निवांत. गोटी दाबली की फस्सकन आवाज येतो आणि बुडबुडे उसळतात. वायू आधीपासून आतच होता. दाबामुळे तो पाण्यात विरघळून राहिला होता. दाब गेला, वायू सुटला.

तळ्याला झाकण नसतं, पण पाण्याचं वजन असतं. दर १० मीटर खाली गेलं की साधारण एका वातावरणाइतका दाब वाढतो. म्हणजे न्योसच्या तळाशी वरच्यापेक्षा वीस-एकवीस पट दाब. सोड्याच्या बाटलीत पाण्याच्या आकारमानाच्या तीन-चार पट वायू विरघळलेला असतो. न्योसच्या तळाशी असलेलं एक लिटर पाणी पंधरा लिटरहून जास्त वायू पोटात धरून ठेवू शकतं. दोनशे मीटर पाणी हीच त्याची गोटी.

आता तुम्ही म्हणाल, तळ्यातलं पाणी वर-खाली होत नाही का? होतं, पण थंड प्रदेशात. तिथे हिवाळ्यात वरचं पाणी गार होऊन जड होतं, खाली बुडतं आणि खालचं वर येतं. वर्षातून एकदा-दोनदा तळं असं ढवळून निघतं आणि खाली काही साठलेलं असेल तर ते बाहेर पडतं. कॅमेरून विषुववृत्ताजवळ. बाराही महिने हवामान जवळपास सारखंच. त्यात तळ्याभोवती डोंगर, म्हणून वाराही फारसा लागत नाही. शिवाय विरघळलेल्या वायूमुळे आणि क्षारांमुळे खालचं पाणी आणखी जड झालेलं. ते जड पाणी तळाशी बसलं ते बसलंच. वर हलकं गोडं पाणी, खाली सोडा, आणि दोघांची भेट नाही. वर्षानुवर्षं.

एक दिवस खालच्या पाण्याची धारणक्षमता संपत येते. मग छोटासा धक्काही पुरतो.

धक्का कोणता होता?

यावर आजही एकमत नाही. काहींच्या मते कड्यावरून दरड कोसळून तळ्यात पडली असावी. काहींच्या मते पावसाचं गार पाणी एका बाजूला जमून खाली बुडालं आणि त्यानं खालच्या पाण्याला वर ढकललं. ऑगस्ट हा तिथे पावसाचा आणि त्यातल्या त्यात गारव्याचा महिना. म्हणून हा दुसरा अंदाज अनेकांना पटतो.

पण कारण काहीही असो, पुढची साखळी सगळ्यांना मान्य आहे. खालचं थोडं पाणी वर सरकलं. वर सरकताच त्यावरचा दाब कमी झाला. दाब कमी होताच बुडबुडे सुटले. बुडबुड्यांमुळे ते पाणी हलकं झालं आणि आणखी वेगानं वर आलं. त्याच्या मागे रिकाम्या जागेत आणखी खालचं पाणी ओढलं गेलं. त्यातूनही वायू सुटला. एकदा सुरू झालेली ही गोष्ट थांबायचं नाव घेईना. तळ्याच्या मधोमध पाण्याचा आणि फेसाचा प्रचंड कारंजा उडाला. उसळलेल्या लाटेनं एका बाजूच्या काठावर २५ मीटर उंचीपर्यंतची झाडंझुडपं खरवडून काढली.

काही तासांत लाखो टन कार्बन डायऑक्साइड बाहेर पडला. आकड्यांवर वाद आहेत, एक-दोन लाख टनांपासून दहा लाखांच्या पुढेपर्यंत अंदाज आहेत. तळ्याची पातळी सुमारे एक मीटरनं उतरली. धबधबा कोरडा पडला होता तो याचमुळे. आणि एरवी निळं दिसणारं पाणी गंजासारखं लालसर झालं, कारण तळाशी विरघळलेलं लोह वर येऊन हवेच्या संपर्कात आलं. त्या लाल तळ्याचे फोटो अधूनमधून सोशल मीडियावर ‘रक्ताचं तळं’ म्हणून फिरत असतात. ते रक्त नाही, गंज आहे.

वायू बाहेर पडला. हवेत विरून का गेला नाही?

कारण कार्बन डायऑक्साइड हवेपेक्षा दीडपट जड असतो. तो वर जात नाही, पाण्यासारखा उताराकडे वाहतो.

ज्यांचं बालपण गावाकडे गेलं त्यांना हे माहीत असेल. जुन्या, वापरात नसलेल्या विहिरीत उतरण्याआधी दोरीनं कंदील खाली सोडून बघतात. कंदील विझला तर माणूस उतरत नाही. विहिरीच्या तळाशी साठलेला हा जड वायू (किंवा प्राणवायूचा अभाव) ज्योत विझवतो आणि माणूसही. दरवर्षी उन्हाळ्यात विहीर साफ करायला उतरलेल्या एकापाठोपाठ एक तिघा-चौघांचा जीव गेल्याच्या बातम्या आपण वाचतो. पहिला बेशुद्ध पडतो, त्याला काढायला दुसरा उतरतो, मग तिसरा.

न्योसला त्या रात्री अख्खी दरी अशी विहीर झाली.

वायूचा सुमारे ५० मीटर जाडीचा थर तळ्याच्या काठावरून ओसंडला आणि ताशी २० ते ५० किलोमीटर वेगानं दऱ्यांमधून खाली उतरत गेला. न्योस गाव सगळ्यांत जवळ, म्हणून सगळ्यांत आधी. तिथे हाताच्या बोटांवर मोजण्याइतकीच माणसं वाचली. मग चा, मग सुबुम.

आपण जी हवा घेतो तिच्यात कार्बन डायऑक्साइड जेमतेम ०.०४ टक्के असतो. तो १० टक्क्यांवर गेला की माणूस काही मिनिटांत शुद्ध हरपतो. त्याहून वर गेला तर पळायलाही वेळ मिळत नाही. घरोघरी दिवे विझलेले सापडले, पण त्यांच्यात तेल शिल्लक होतं. ही एकच खूण जाणकाराला पुरेशी होती.

जे उंचावर होते ते वाचले. खालच्या वस्तीतलेही काही जण वाचले. सहा-सात तासांनी, काही तर त्याहून उशिरा, शुद्धीवर आले आणि पाहतात तो शेजारी झोपलेली बायको, मुलं, आईबाप गेलेले. हा भाग वाचताना मी दोनदा थांबले. तुम्ही जागे झालात म्हणून तुम्ही वाचलात हे कळायलाच त्यांना वेळ लागला असेल.

त्या दिवसांतली एक हकिकत बऱ्याच ठिकाणी सांगितली जाते. वुम नावाच्या गावातून एक माणूस सायकलवरून न्योसच्या दिशेनं निघाला होता. वाटेत त्याला मेलेलं हरीण दिसलं. आयती शिकार मिळाली म्हणून त्यानं ते सायकलला बांधलं. पुढे मेलेले उंदीर दिसले. मग मेलेला कुत्रा. मग घरं आली आणि घरांमध्ये माणसं. त्यानं सायकल तिथेच टाकली आणि तो उलट पळत सुटला.

कुजक्या अंड्यांचा वास आणि भाजल्याच्या जखमा

आता इथून गोष्ट तपासाची होते आणि मला वैयक्तिकरीत्या हाच भाग सगळ्यांत जास्त आवडतो.

वाचलेल्यांपैकी अनेकांनी सांगितलं की कुजक्या अंड्यांसारखा किंवा बंदुकीच्या दारूसारखा वास आला, अंगात ऊब जाणवली. अनेकांच्या अंगावर भाजल्यासारख्या जखमा होत्या. ज्वालामुखीचा अभ्यास करणाऱ्या कुणालाही यावरून एकच गोष्ट सुचेल : गंधकयुक्त गरम वायू, म्हणजे ज्वालामुखीचा उद्रेक. काही युरोपीय तज्ज्ञांनी तसंच मांडलं. तळ्याखाली वाफेचा स्फोट झाला, असं त्यांचं म्हणणं.

दुसऱ्या बाजूला, प्रामुख्यानं अमेरिकी शास्त्रज्ञांचा गट तळ्यातलं पाणी तपासत होता. त्यांना गंधकाचा मागमूस सापडेना. पाणी तापल्याची चिन्हं नव्हती. तळाचा गाळ स्फोट झाल्यासारखा उधळलेला नव्हता. उलट खोल पाण्यात अजूनही कार्बन डायऑक्साइड ठासून भरलेला.

मग वास कसला? तर कार्बन डायऑक्साइडचं प्रमाण खूप वाढलं की माणसाला असे वास आणि ऊब जाणवल्याचा भास होतो. नाक खोटं बोलतं. आणि जखमांचं काय? त्या बहुतांशी भाजल्याच्या नव्हत्याच. तासन् तास एकाच कुशीवर बेशुद्ध पडून राहिल्यानं त्वचेचा रक्तपुरवठा थांबून झालेल्या जखमा होत्या त्या. अंथरुणाला खिळलेल्या रुग्णांना होतात तशा.

साक्षीदार खरं तेच सांगत होते आणि तरीही त्यांच्या सांगण्यावरून काढलेला निष्कर्ष चुकीचा होता. मार्च १९८७ मध्ये कॅमेरूनची राजधानी याउंदे इथे आंतरराष्ट्रीय परिषद भरली, तिथे दोन्ही गट समोरासमोर आले. वाद लगेच मिटला नाही. पुढे जसजशी मोजमापं येत गेली तसतसं पारडं तळ्यात साठलेल्या वायूच्या बाजूनं झुकत गेलं.

या गोंधळात अफवाही उठल्या. गुप्त बॉम्बची चाचणी झाली, अशी एक अफवा तिथे आजही पूर्ण मेलेली नाही. तिला खतपाणी मिळालं ते एका योगायोगामुळे. दुर्घटनेनंतर अवघ्या चार दिवसांनी, २५ ऑगस्टला, इस्रायलचे तत्कालीन पंतप्रधान शिमॉन पेरेस कॅमेरूनच्या दौऱ्यावर पोचले आणि त्यांच्यासोबत लष्करी डॉक्टरांचं पथक होतं. ‘एवढ्या लवकर कसे आले? यांना आधीच माहीत होतं!’ माणसं मेली आणि घरं तशीच उभी राहिली, हेही बॉम्बच्या कथेत चपखल बसत होतं. व्हॉट्सॲप नव्हतं तेव्हाची ही गोष्ट.

दोन वर्षं आधीच इशारा मिळाला होता

हा भाग खरंच चटका लावणारा आहे.

१५ ऑगस्ट १९८४. न्योसपासून साधारण ९५ किलोमीटरवर मोनून नावाचं दुसरं तळं. पहाटेच्या अंधारात रस्त्याच्या एका सखल टप्प्यात ३७ माणसं मेलेली सापडली. एक ट्रक तिथे बंद पडला होता. त्यातून उतरलेले लोक मेले आणि ट्रकच्या टपावर बसलेले दोघे वाचले. फक्त उंची. तेवढाच काय तो फरक.

सुरुवातीला घातपाताचा संशय घेतला गेला. काही महिन्यांनी हॅराल्डुर सिगुर्डसन हे मूळचे आइसलँडचे ज्वालामुखीतज्ज्ञ तिथे गेले. त्यांनी तळ्याच्या तळाचं पाणी नमुन्याच्या बाटलीत वर आणलं तर वायूच्या दाबानं तिचं झाकण उडालं. त्यांनी निष्कर्ष काढला की तळ्यातच कार्बन डायऑक्साइड साठला होता आणि तोच उसळून बाहेर आला. असा धोका जगाला तोवर माहीत नव्हता. त्यांनी शोधनिबंध लिहिला आणि एका नामांकित विज्ञान नियतकालिकाकडे पाठवला. तो नाकारला गेला. कल्पना फारच दूरची वाटली. अखेर तो दुसरीकडे छापून आला १९८७ मध्ये. तोवर न्योस होऊन गेलं होतं.

तो निबंध वेळेवर छापला असता तर न्योस टळलं असतं का? खात्रीनं नाही म्हणता येईल. एखादा लेख वाचून कुणी दोन वर्षांत कॅमेरूनची सगळी तळी तपासली असती, असं नाही. पण निदान प्रश्न तरी विचारला गेला असता.

आणि इशारा कदाचित त्याहूनही जुना होता. या भागातल्या लोककथांमध्ये तळी जागा बदलतात, फुटतात, माणसांना गिळतात. मानववंशशास्त्रज्ञ युजिनिया शँकलिन यांनी अशा कथा गोळा केल्या होत्या. पूर्वापार इथे राहणाऱ्या काही समाजांमध्ये घर उंचावर बांधायची रीत आहे. मागाहून आलेल्यांनी खालच्या सुपीक जमिनीवर वस्ती केली. कथांमध्ये इतिहास शोधताना जपून राहायला हवं, सगळ्याच दंतकथांच्या मागे विज्ञान नसतं. पण ‘तळ्याजवळ घर बांधू नका’ हे कुणाच्या तरी अनुभवातूनच आलेलं असणार, असं मला तरी वाटतं.

मग उपाय काय केला?

१९८६ नंतरही तळ्यात बराच वायू शिल्लक होता आणि खालून नवा येतच होता. म्हणजे पुन्हा कधीतरी हेच होणार, हे उघड होतं. हजारो लोकांना तिथून हलवलं गेलं. पण तळं तिथेच होतं.

उपाय इतका साधा निघाला की हसू येतं. एक लांब नळी.

फ्रान्सचे मिशेल हाल्बवाक्स यांच्या पथकानं आधी मोनून आणि न्योसवर छोटे प्रयोग केले. मग जानेवारी २००१ मध्ये न्योसच्या मधोमध तराफा बांधून त्याखाली दोनशे मीटरहून लांब, साधारण १४ सेंटिमीटर व्यासाची नळी सोडली. सुरुवातीला पंपानं नळीतलं पाणी थोडं वर ओढायचं. पाणी वर येताच दाब कमी होऊन बुडबुडे सुटतात, मिश्रण हलकं होतं आणि आपोआप वर धावतं. मग पंप बंद करायचा. पुढचं काम तळं स्वतःच करतं. ज्या साखळीनं १९८६ मध्ये माणसं मारली तीच साखळी आता एका नळीत कोंडून कामाला लावली. वीज नको, डिझेल नको. तराफ्यावरून जवळपास ५० मीटर उंच पांढराशुभ्र कारंजा उडू लागला. त्याचे व्हिडिओ यूट्यूबवर आहेत, जरूर बघा.

यात भीती नव्हती असं नाही. खालचं जड पाणी वर येऊन पुन्हा बुडेल, त्यानं तळं ढवळेल आणि नको तेच होईल, अशी शंका काही तज्ज्ञांना होती. म्हणून जपून, मोजमाप घेत पुढे गेले. २००३ मध्ये मोनूनलाही नळी बसली. न्योसला मात्र एक नळी पुरेना. निधी मिळायला वर्षं गेली आणि आणखी दोन नळ्या बसायला २०११ उजाडलं. २०१९ पर्यंत परिस्थिती अशी झाली की यापुढे एकाच नळीवर वायू सुरक्षित पातळीत राहू शकेल, असं शास्त्रज्ञांनी सांगितलं.

वायूचा धोका आटोक्यात आला. पण न्योसची दुसरीही एक दुखरी जागा आहे. तळ्याचं वरचं सुमारे ४० मीटर पाणी ज्वालामुखीच्या राखेच्या ठिसूळ खडकानं बनलेल्या नैसर्गिक बांधानं अडवलेलं आहे. तो झिजतोय. फुटला असता तर पुराचं पाणी शेजारच्या नायजेरियापर्यंत पोचलं असतं. त्याला सिमेंटनं बळकटी देण्याचं कामही करावं लागलं.

आपल्याकडे असं होऊ शकतं का? लोणारचं काय?

हा प्रश्न कमेंटमध्ये येणारच, म्हणून आधीच सांगते. नाही. जून २०२० मध्ये लोणारचं पाणी गुलाबी झालं तेव्हा काय काय फॉरवर्ड फिरले होते ते आठवतंय. लोणार हे उल्केच्या आघातानं झालेलं विवर आहे. ते बेसॉल्टमध्ये, म्हणजे ज्वालामुखीच्या खडकात आहे हे खरं, पण त्या खडकाला साडेसहा कोटी वर्षं होऊन गेली. खाली वायू सोडणारा शिलारस नाही. आणि लोणारचं पाणी न्योसच्या तुलनेत अगदी उथळ, त्यामुळे वायू कोंडून ठेवण्याइतका दाबच तिथे नाही. शिलारस, खोली आणि न ढवळलं जाणारं पाणी या तिन्ही गोष्टी एकत्र याव्या लागतात.

त्या तिन्ही एकत्र असलेलं, आजही जागं असलेलं तळं एकच मोठं आहे आणि ते प्रचंड आहे. रवांडा आणि काँगोच्या सीमेवरचं किवू. उंची सुमारे १,४६० मीटर, खोली ४८० मीटरच्या आसपास, क्षेत्रफळ २,७०० चौरस किलोमीटर. न्योसच्या सतराशे पट. त्याच्या पोटात अंदाजे ३०० घन किलोमीटर कार्बन डायऑक्साइड आणि ६० घन किलोमीटर मिथेन आहे. काठावर लाखो लोक राहतात. शेजारी न्यिरागोंगो हा जागृत ज्वालामुखी. २००२ मध्ये त्याचा लाव्हा गोमा शहरातून वाहत थेट किवूमध्ये उतरला होता. तेव्हा तळं शांत राहिलं. मे २०२१ मध्ये न्यिरागोंगो पुन्हा फुटला, तेव्हा शिलारस शहराच्या आणि तळ्याच्या खाली सरकत असल्याच्या भीतीनं गोमाचा काही भाग रिकामा करण्यात आला.

किवूचं पाणी अजून पूर्ण भरलेलं नाही, संपृक्ततेपासून ते बरंच लांब आहे. म्हणजे उद्या सकाळी काही होईल असं नाही. आणि तिथल्या वायूत मिथेन आहे, जो जळतो, म्हणजे विकला जातो. रवांडानं तळ्यात तराफे उभे करून हा मिथेन बाहेर काढायला आणि त्यावर वीज बनवायला सुरुवात केली आहे. किवूवॉट नावाचा २६ मेगावॉटचा प्रकल्प त्यातलाच. न्योसच्या कारंज्यासाठी देणगी मागत फिरावं लागलं, किवूच्या वायूसाठी गुंतवणूकदार आले. त्या वायूची किंमत आहे, एवढंच कारण.

न्योसची माणसं कुठे आहेत?

त्यांना आसपासच्या सात वसाहतींमध्ये हलवलं गेलं. तात्पुरतं, असं सांगून. जमीन कमी मिळाली आणि त्यांच्या मूळ गावाइतकी कसदारही नाही, कारण ज्वालामुखीच्या मातीची सर दुसऱ्या मातीला येत नाही. कॅम्पात एक पिढी जन्मली, वाढली, तिला मुलं झाली. काही जण परवानगीची वाट न बघता परत गेले आणि त्यांनी जुनी शेतं पुन्हा कसायला घेतली. तळं आता सुरक्षित आहे, हे त्यांना नळीतून उडणारा कारंजा पाहून कळत होतं.

पण २०१७ पासून कॅमेरूनच्या याच इंग्रजी भाषक भागात सरकारी सैन्य आणि फुटीरतावादी यांच्यात सशस्त्र संघर्ष सुरू झाला. वायव्य प्रांतातली असंख्य कुटुंबं पुन्हा घर सोडून निघाली आणि न्योसला परतायचा रस्ता, तळं निवळल्यावर, माणसांनी अडवला.